धातूचा थकवा



तार तोडायची आहे आणि हाताशी पक्कड नाही, अशा वेळी आपण काय करतो? ती एकाच जागी मागेपुढे वाकवीत राहतो. काही खेपांत ती तुटते. एका खेपेचा जोर तिला तोडण्यास मुळीच पुरेसा नव्हता; तोडले ते पुनरावृत्तीने. यालाच धातूचा थकवा म्हणतात. शब्द जरा फसवा आहे. थकलेला माणूस रात्रभर झोपून ताजा होतो. धातूला विश्रांतीचा काही लाभ नाही. त्यातून पोलादाला निदान एक मर्यादा असते, तिच्या आतला ताण ते जवळजवळ कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण लहान असला तर तडा उशिरा जाईल, इतकेच.

आता विमान घ्या. उंचावर हवा विरळ, म्हणून आत दाब ठेवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते, उतरताना ओसरते. म्हणून त्याचे वय नुसत्या वर्षांनी मोजून भागत नाही, उड्डाणेही मोजावी लागतात. १९५४ साली दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रात कोसळली, तेव्हा हा धडा जगाला मिळाला होता.

तरीही २८ एप्रिल १९८८ उजाडला. हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे अठरा फूट लांबीचे छत २४,००० फुटांवर उडून गेले. विमान १९६९ सालचे. पण बेटाबेटांतून फिरून त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. तासांचा हिशेब केला तर सरासरी उड्डाण अवघे चोवीस मिनिटांचे! हे विमान बांधताना ७५,००० उड्डाणांचे आयुष्य धरले होते.

दोष सांध्यात होता. पत्र्यावर पत्रा चढवून मध्ये चिकटद्रव्य आणि वरून रिवेटांच्या तीन ओळी, अशी ती रचना. ताण चिकटद्रव्याने वाहायचा. ते सुटले, फटीत खारी दमट हवा शिरली, गंज चढला आणि सारा भार रिवेटांवर आला. रिवेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून छिद्राचे तोंड इतके खोल कोरलेले, की पातळ पत्र्यात त्याची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. तडे तेथूनच फुटले.

एखादा तडा लांबत गेला तर तो वाटेत अडावा, अशी योजना आत पट्ट्या घालून केलेली होती. पण येथे छिद्राछिद्राशी बारीक तडे होते. पोस्टाच्या तिकिटांचा ताव आठवा. एक टोक फाटले की ओळ सरळ सुटत जाते. तसेच झाले.

वैमानिकांनी ते उघडे विमान माऊई बेटावर सुखरूप उतरविले, हे आम्हांला आजही अद्भुत वाटते. पंचाण्णव जणांपैकी एक परिचारिका मात्र छताबरोबर ओढली गेली. तिचा देह सापडला नाही.

तपासणीस रात्रीच्या उजेडात शेकडो रिवेटांवरून नजर फिरवितो. कंटाळवाणे काम, त्याला दोष देण्यापूर्वी आपण स्वतःला त्या शिडीवर उभे करून पाहावे. आणि त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्यावर तडा दिसला होता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.