गहू तोच, गिरणी चुकली



परवा एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. गुरुजी संगणकापुढे कपाळाला हात लावून बसलेले. बालभारतीचे पुस्तक त्यांनी पीडीएफच्या रूपात उतरवून घेतले होते. पण उघडायला जावे तर भलताच प्रोग्राम पुढे येई आणि म्हणे, "मुदत संपली, पैसे भरा!"

"फाईलच बिघडली हो. आता सगळा संगणक पुसून नव्याने भरून घेतो," गुरुजी म्हणाले.

"थांबा! मुलांचे गुण यातच आहेत ना? दुसरी प्रत आहे कुठं?"

गुरुजी गप्प झाले. प्रत नव्हती.

मंडळी, गव्हाचे पोते मिरची कांडपाच्या यंत्रावर नेले, तर दोष गव्हाचा का? फाईलचेही तसेच आहे. तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जातीची खूण असते: पुस्तकाला पीडीएफ, फोटोला जेपीजी. कोणती जात कोणत्या प्रोग्रामकडे पाठवायची, याची नोंद संगणकापाशी असते. नवा प्रोग्राम बसवताना तो विचारतो, "यापुढे मीच उघडू का?" आपण न वाचता 'हो' म्हणतो, आणि नोंद बदलते. फाईल मात्र होती तशीच राहते.

ही नोंद बदलणे अवघड नाही. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबा. 'ओपन विथ' आणि मग 'चूज अनदर ॲप' निवडा. प्रोग्रामांची यादी येईल. तुमचा नेहमीचा प्रोग्राम निवडून खाली 'ऑलवेज' म्हणजे 'नेहमी' दाबा. शेजारी 'जस्ट वन्स' असते. ते दाबाल तर काम एकदाच होईल, नोंद बदलणार नाही. पुष्कळजण इथेच चुकतात बरं का!

दुसरी वाट सेटिंग्जमधून जाते. 'ॲप्स', मग 'डिफॉल्ट ॲप्स' उघडा. वरच्या चौकटीत टिंब देऊन इंग्रजीत पीडीएफ लिहा आणि प्रोग्राम निवडा. त्याच पानावर सगळ्या नोंदी एकदम मूळपदावर नेणारे 'रीसेट' बटणही आहे. ते मात्र जपून वापरा. तुम्ही स्वतः केलेल्या चांगल्या नोंदीही त्यात पुसल्या जातील.

आणि एक करू नका. फाईलच्या नावातली शेवटची खूण हाताने बदलू नका. पोत्यावर 'मिरची' लिहिल्याने आतला गहू तिखट होत नाही.

गुरुजींनी 'ऑलवेज' दाबले. पुस्तक उघडले. पण लगेच उठू न देता मी त्यांना गुणांची फाईल एका पेन ड्राइव्हवर उतरवायला लावली. तुम्हीही आधी प्रत काढा, मग नोंद तपासा, आणि एवढे करूनही भागले नाही तरच दुरुस्तीवाल्याला बोलवा.