फिरत्या ताऱ्याचा कल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून पुष्कळजणींना वाटले असेल की, हे काही आपले काम नव्हे. पण तोरणमाळचा घाट रात्री उतरणारी गाडी आपण पाहिली आहे. वळणावर दिव्यांचे तोंड आपल्याकडे झाले की उजेड चमकतो, पुढे पुन्हा अंधार. दिवे विझलेले नसतात. त्यांचे तोंड दुसरीकडे असते, इतकेच. पल्सार, म्हणजे स्पंदक तारा, असाच चमकतो.

हा मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला, वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा, पण सूर्याहून जड गोळा. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला तो प्रथम आढळला.

एक लिंबू घ्या. त्यात एक सुई उभी खोचा, दुसरी तिरपी. आता उभ्या सुईभोवती लिंबू फिरवा. उभी सुई हा फिरण्याचा आस, तिरपी सुई चुंबकत्वाचा. रेडिओ लहरींचा झोत तिरप्या सुईच्या टोकांकडून निघतो. तो ज्यांच्यावरून जाईल, त्यांनाच ठोका मिळतो. दोन सुयांत कोन किती, आणि आपण उभ्या सुईपासून किती कोनात आहोत, हे कळले की ताऱ्याची ठेवण कळली.

रेडिओ लहरींच्या कंपनाची दिशा ठोक्याच्या काळात वळत जाते. त्यावरून हे कोन काढण्याची वाट १९६९ साली आपले व्ही. राधाकृष्णन आणि त्यांचे सहकारी कुक यांनी दाखविली. परंतु झोत अरुंद, दिसतो क्षणभर. काठाच्या चिंधीवरून सबंध लुगडे ओळखण्यासारखेच ते!

येथे दुसरा साक्षीदार येतो, तो गॅमा किरणांचा. हे किरण आपली हवा अडविते, म्हणून २००८ साली फर्मी ही दुर्बीण अवकाशात धाडली. गॅमा किरण ताऱ्यापासून बरेच दूर, उंचावर उपजतात आणि पंख्यासारखे रुंद पसरतात. रेडिओच्या ठोक्यामागून गॅमाचा ठोका किती वेळाने येतो, तो एक की जोडीने, हे ताडून पाहिले की कोनांच्या पुष्कळ शक्यता गळून पडतात.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. फर्मीला दिसलेल्या, पण ओळख न पटलेल्या जागा तिने धुंडाळल्या. २०१३ साली भास्वती भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका जागी सेकंदाला सुमारे ४६३ फेऱ्या घेणारा तारा शोधल्याचे जाहीर केले. त्याच्या रेडिओ ठोक्यांच्या हिशेबावरून गॅमाचे ठोकेही सापडले.

एका साक्षीवर शास्त्रज्ञ ताऱ्याचाही निकाल देत नाहीत. आपण मात्र दहावीच्या एका गुणपत्रिकेवरून "हिला विज्ञान झेपायचे नाही" असे सांगून मोकळ्या होतो. माझी मंडळाला विनंती आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या, सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. मंडळाने प्रवासखर्चाची वर्गणी काढून गावच्या मुलींना तेथे न्यावे. गणितात कमी गुण मिळालेल्या मुलींची नावे आधी घालावीत. पहिली वर्गणी मी आजच कोषाध्यक्षबाईंकडे देते.