न्यायासनावर कोणी बसावे?

नर्मदाकाठचे मणिबेली हे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील जी गावे प्रथम गेली, त्यांपैकी ते एक होय. धरणाचे काम पुढे चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी अनुमती दिली. तिघा न्यायमूर्तींपैकी दोघांचे मत तसे पडले, न्या. भरुचा यांनी मात्र पर्यावरणाची रीतसर तपासणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत काम थांबवावे, असा भिन्न निर्णय दिला. आणखी एक मत तिकडे झुकते तर निकाल फिरला असता.

मग त्या आसनावर कोणी बसावे याविषयी राज्यकर्ते उदासीन कसे राहतील? १९७३ साली सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून चौथ्यास सरन्यायाधीश नेमले. तिघांनीही राजीनामे दिले. पुढे १९९३ च्या निकालाने निवडीत न्यायमूर्तींचाच शब्द प्रमाण ठरला, आणि त्याऐवजी आयोग आणू पाहणारी घटनादुरुस्ती न्यायालयाने २०१५ साली रद्द केली.

सरकारने निवडावे, तर न्याय मिंधा होण्याचे भय. न्यायमूर्तींनीच निवडावे, तर त्यांना जाब कोणी विचारावा? निवड कोणीही करो, तिची कारणे उघड सांगितली जावीत. ज्याचे घर बुडते, त्याचा एवढा अधिकार खासच आहे.