बुद्धिबळातील चूक : नजरेची की मनाची?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त येलहंका येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात दर रविवारी बुद्धिबळाचे पट मांडले जातात. मुले खेळतात आणि आपण पालक मागे उभे राहून सुस्कारे टाकतो. आज मी त्या सुस्काऱ्यांविषयीच बोलणार आहे. चांगला खेळणाराही चूक का करतो, हा माझा विषय.

मोठ्या चुकीला आपण घोडचूक म्हणतो. पटावरचा घोडा तिला मुळीच जबाबदार नाही! जबाबदार कोण, असे विचारले तर आपले उत्तर ठरलेले असते : ‘त्याला ठाऊक नव्हते’ किंवा ‘त्याचे लक्ष नव्हते.’ पण मग जगज्जेते का चुकतात?

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीचा १४वा डाव चालू होता. तेव्हाचे जगज्जेते, चीनचे डिंग लिरेन, आणि आपला १८ वर्षांचा गुकेश यांचे गुण समसमान होते. डिंग यांचे एक प्यादे कमी होते, तरी डाव बरोबरीकडे झुकला होता. ५५व्या खेळीला डिंग यांनी हत्तीला हत्ती देऊ केला. हत्ती गेल्यावर कोपऱ्यातील उंटाचीही अदलाबदल टळत नव्हती, आणि मग ते एक जादा प्यादेच निर्णायक ठरणार होते. नवशिक्यालाही समजावून सांगता येईल अशी ही गोष्ट जगज्जेत्याला दिसली नाही. नवल असे, की गुकेशलाही ती प्रथम जाणवली नाही. आपण दुसरीच खेळी करण्याच्या बेतात होतो, असे त्यानेच नंतर सांगितले. आता बरोबरीच, अशी मनाची समजूत झाली की डोळेही तेवढेच पाहतात, असे मला वाटते.

याचा पडताळा बिलालिच, मॅकलिओड आणि गोबे या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळतो. त्यांनी कसलेल्या खेळाडूंपुढे एक स्थिती मांडली. तीत मात करण्याचा एक सर्वपरिचित मार्ग होता आणि दुसरा अपरिचित, पण अधिक जवळचा. परिचित मार्ग सापडल्यावर खेळाडू म्हणत, ‘आम्ही आणखी चांगला मार्ग शोधीत आहोत.’ डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने मात्र दाखविले, की त्यांची नजर पहिल्याच कल्पनेच्या घरांभोवती घुटमळत होती. सुचलेला चांगला विचारच अधिक चांगल्या विचाराची वाट अडवून बसला होता.

त्यात घड्याळाचा काच आणि शीण यांची भर पडते. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपींना जलद डावांत हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या निर्णायक डावात चुका दोघींच्याही हातून झाल्या. विजेतीचा डावही निर्दोष नसतो, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

आता थोडे घरचे. काही वर्षांपूर्वी माझी मुलगी एका स्पर्धेत जिंकत आलेला डाव हरली. वजीरच मारला गेला. परतताना बसमध्ये मी सारखा विचारीत राहिलो, “लक्ष कुठे होते तुझे?” येलहंक्याला उतरताना ती म्हणाली, “बाबा, माझं लक्ष पटावरच होतं. पण मी माझीच खेळी बघत होते.” त्यानंतर सहा महिने तिने पटाला हात लावला नाही.

संशोधकांनी यंत्रे लावून जे शोधले, ते दहा वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सांगितले होते. मला मात्र ते ऐकू आले नाही. गाव सोडून आपण इतक्या दूर आलो ते मुलांचे भले व्हावे म्हणून. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक डावात आपण आपलाही डाव मांडून बसतो. त्या दिवशी मीही माझीच खेळी पाहत होतो. शेजारी बसलेले मूल मला दिसलेच नाही.

पुढे एका रात्री तिने टिपून ठेवलेला तो डाव मी पुन्हा मांडला आणि पट फिरवून काळी मोहरी तिच्यापुढे आणली. क्षणभर पाहून ती हसली : “या बाजूने तर वजीर लगेच दिसतो!” तेव्हापासून मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी ती दोन प्रश्न मनाशी विचारते : समोरच्याने ही खेळी का केली? आणि माझ्या खेळीला त्याचे सर्वांत जबर उत्तर कोणते? चुका संपल्या नाहीत, कमी झाल्या. मुख्य म्हणजे ती पुन्हा खेळू लागली.

म्हणून एवढीच विनंती. येत्या रविवारी आपले मूल हरून उठले, तर ‘लक्ष कुठे होते?’ असे विचारू नका. त्याच्यासमोर बसा आणि विचारा, ‘इथे तुला काय दिसत होते?’ मग त्याचे उत्तर होईपर्यंत थांबा.