शार्कच्या रक्तातला पारा

चुलीवर मोरीचं तिखलं रटरटत असताना पाऱ्याचा विचार कुणाच्या मनात येणार? पण मोरी म्हणजे लहान शार्कच, आणि शार्कच्या मांसात पारा साठतो.

कोळशाच्या धुरातून, सोन्याच्या खाणींतून सुटलेला पारा समुद्रात उतरतो. तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते प्लवकात, तिथून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात. शार्क या साखळीच्या टोकाला, वर दीर्घायुषी. साठा वाढतच जातो.

मग शार्क आजारी पडतो का? इथे गंमत आहे. २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ ४३ पांढऱ्या शार्कांना पकडून, रक्त काढून पुन्हा पाण्यात सोडलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: पारा आणि आर्सेनिक इतकं, की दुसऱ्या प्राण्याला विषबाधाच व्हावी. शार्क मात्र अंगानं धडधाकट, पांढऱ्या पेशींचं गणितही जागेवर! शरीरात काहीतरी संरक्षण असावं, असा संशोधकांचा अंदाज.

माणसाला तशी सोय नाही. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर बायकांना शार्क खाऊच नका म्हणतं.