दर्दी पुष्कळ, गिऱ्हाईक थोडें



चिंचवडास ज्याचा जन्म गेला, त्यास मोटारगाडीविषयीं चार शब्द बोलण्याचा थोडाबहुत अधिकार पोहोंचतो, असें मी समजतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. स्वतः मोटार कधीं बाळगली नाहीं. परंतु ज्यांना मीं त्रैराशिक व तरफेचे नियम शिकविले, त्यांपैकीं कित्येक आज पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत मोटारी जोडीत आहेत. त्यांतील एकानें गेल्या दिवाळींत घरीं येऊन मला कोडें घातलें. "गुरुजी, ज्या गाडीला जो तो वाखाणतो, ती कोणी विकत कां घेत नाहीं?" त्याच्या मनांत होती मागच्या चाकांनीं चालणारी, वेगवान व बसकी सेडान गाडी. त्या कोड्याचें मला सुचलेलें उत्तर आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम ही वाखाणणी कशाची, तें पाहूं. मोटारीच्या चाकांना दोन मुख्य कामें असतात. गाडीला पुढें नेणें व तिला वळविणें. पुढच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडींत हीं दोन्ही कामें एकाच जोडीवर पडतात. मागच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडींत तीं वांटून दिलेलीं असतात. पुढची जोडी वळविते, मागची ढकलते. शिवाय वेग वाढवितांना गाडीचा भार मागें झुकतो, आणि ज्या चाकांना जोर लावावयाचा, त्यांचीच रस्त्यावरील पकड घट्ट होते. स्टिअरिंगला हिसके बसत नाहींत व वळणावर गाडी चालविणाराच्या मनाप्रमाणें वळते. दर्दी लोक मोहित होतात ते यामुळें.

या गुणाचें मोल मात्र द्यावें लागतें. एंजिन पुढें, आणि चाकें मागें. तेव्हां जोर पोहोंचविण्यासाठीं गाडीच्या पोटाखालून लांब दांडा न्यावा लागतो. वजन वाढतें, खर्च वाढतो, आणि दांड्यासाठीं तळाला ठेवलेला उंचवटा मागें मध्यभागीं बसणाराच्या नेमका पायांत येतो. उलट, एंजिन आडवें बसवून पुढचींच चाकें फिरविलीं कीं सारें यंत्र एका ठिकाणीं मावतें व माणसांना जागा मोकळी होते. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली, १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. दोन्ही पुढच्या चाकांच्या. त्यांच्या आधींच्या पद्मिनी व अँबॅसडर या गाड्या मागच्या चाकांनींच चालत. परंतु त्या गुणाबद्दल कोणीं त्यांचें कौतुक केल्याचें मला स्मरत नाहीं.

मग मागच्या चाकांची गाडी आपल्याकडे खपतच नाहीं काय? खपते, आणि कोड्याची किल्ली तेथेंच आहे. मर्सिडीज कंपनीनें १९९५ सालीं पिंपरीस टाटांच्या आवारांत ई-क्लास गाड्या जोडण्यास आरंभ केला. २००९ सालीं तिचा चाकणचा कारखाना सुरू झाला. २०१७ सालीं तिनें चाकणहून जी ई-क्लास काढली, तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर मूळ गाडीहून १४ सेंटिमीटरांनीं अधिक होतें. ही वाढ चालकासाठीं नव्हे. मागें बसणाऱ्या मालकाच्या पायांसाठीं. ही गाडी मागच्याच चाकांनीं चालते, आणि कंपनीच्या येथील मोठ्या खपाच्या गाड्यांत तिची गणना होते. तेव्हां दोष चाकांचा नव्हे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो बहुधा मागें बसतो. ज्याला चालविण्याचें सुख हवें, त्याच्याजवळ बहुधा तेवढा पैसा नसतो.

त्यांत कराची व रस्त्याची भर पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या आंतील लहान पेट्रोल गाडीवर १८ टक्के कर आहे, तर मोठीवर ४०. चाकणांत तयार होणारी सी-क्लास सेडान पावणेपांच मीटर लांब. तिला सवलत कोठून मिळणार? आणि एवढें देऊन ती धांवणार कोठें? पुणें-मुंबई द्रुतगति मार्गावरहि सपाटीला ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. सायंकाळीं चाकणच्या तळेगांव चौकांत तर सायकलस्वारहि तिच्या पुढें निघून जातो.

हें केवळ आपल्याच देशांत घडतें असें नाहीं. कोरियाच्या किया कंपनीनें २०१७ सालीं स्टिंगर नांवाची अशीच गाडी काढली. जाणकारांनीं तिची मुक्तकंठानें स्तुति केली. तरी अमेरिकेच्या रुंद रस्त्यांवरहि लोक उंच गाड्यांकडेच वळले, आणि २०२३ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

माझ्या विद्यार्थ्याला मीं विचारलें, "तूं तर पैसे साठविले होतेस ना? मग घेतलीस कोणती?" तो जरा ओशाळला. अशी एक जुनी सेडान त्यानें ठरवीतच आणली होती. दाखवावयास म्हणून आईला घेऊन गेला. म्हातारी आंत बसली खरी. पण गुडघे धरून तिला बाहेर येववेना. "दोघांनीं हात देऊन उठविलें, गुरुजी. दुसऱ्या दिवशीं उंच गाडीचे पैसे भरले."

मीं त्याला म्हटलें, ओशाळूं नकोस. पसंति एकट्याची असते, पण खरेदी साऱ्या घराची असते. आणि आपल्या घरांत गाडी घेतांना स्टिअरिंग धरणाराला एकच मत असतें. फुकट पासावर नाटकाला येऊन "वाहवा" म्हणणारांवर नाटक मंडळी चालत नाहीं, तशीच ही गोष्ट आहे.

तरीहि मनाला एक रुखरुख लागतेच. अशी गाडी बनणें थांबलें, तर ती बसविण्याचें व पारखण्याचें हातांतील कसबहि हळूहळू जातें, आणि तें कसब माझ्या विद्यार्थ्यांचें आहे. म्हणून ज्यांची ऐपत आहे, अशा श्रोत्यांस माझी एवढीच विनंति आहे: एखाद्या रविवारीं चालकास सुट्टी द्या, पुढें बसा, आणि आपली गाडी स्वतः चालवून पाहा.