दिवेलागण कधी करता?



चार शब्द बोला असं आपण सांगितलंत. आम्ही काही व्याख्याते नव्हे. आम्ही इथली, लोणंदच्या बाजूचीच माणसं. २००२ सालापासून इंग्लंडात लेस्टर नावाच्या शहरात राहतो. गावी आलो की लोक विचारतात, 'तिकडं कसं असतं हो?' त्याचं उत्तर पारावर उभ्या उभ्या देता येत नाही. आज सावकाश सांगतो.

आमच्या मंडळी मिरजेला नर्सिंग शिकल्या. त्या काळात इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांना नर्स कमी पडत होत्या. म्हणून परदेशातून नर्स बोलावत असत. मंडळींना नोकरी लागली. आम्ही त्यांच्यामागून गेलो. बायकोच्या नोकरीवर परदेशी चालला म्हणून गावात काही जण हसले. हसू देत. आम्हालाही पुढे काम मिळालं. बटाट्याचे काप तळून पिशव्यांत भरायचा कारखाना होता. कांद्याच्या बाजारगावचा माणूस बटाट्यात पडला!

तिकडची पहिली नवलाई म्हणजे उजेड. लेस्टर आपल्यापेक्षा फार उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. जून महिन्यात सूर्य मावळायला रात्रीचे साडेनऊ होतात. पोरांना उजेडातच झोपवावं लागतं. घड्याळंसुद्धा वर्षातून दोनदा फिरवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे. म्हणून उन्हाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापुढे साडेचार तास असतं, आणि हिवाळ्यात साडेपाच तास.

घरं लाल विटांची, एकाला एक चिकटलेली. पण दारं बंद. आपल्याकडे शेजारीण 'अगं ए' म्हणत सरळ चुलीपाशी येते. तिकडे आधी विचारल्याशिवाय कोणी कुणाकडे जात नाही. माणसं वाईट नाहीत. रस्त्यात भेटली की हसतात, हवापाण्याचं बोलतात आणि पुढे जातात. आजारी पडलं तर सरकारी डॉक्टर तपासायचे पैसे घेत नाही. ही त्यांची चाल १९४८ सालापासूनची. ती आम्हाला फार आवडते.

ज्वारीचं पीठ गुजराती दुकानात मिळतं. गूळ मिळतो, कढीपत्ता मिळतो. एकदा भाकरी थापून तव्यावर टाकली. जरा करपली. तोच छताला लावलेलं यंत्र मोठ्यानं किंचाळू लागलं! घरात धूर झाला की आग लागली असं समजून ते ओरडतं. चुलीच्या धुरात वाढलेली माणसं आम्ही. खिडक्या उघडून, टॉवेल हलवून त्याला गप्प केलं. अजूनही भाकरीच्या दिवशी आमच्यातला एक जण टॉवेल घेऊन उभा असतो.

शेजारी एक गुजराती आजी होत्या. गाव कुठलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, 'कंपाला.' ते आफ्रिकेत, युगांडा देशात. १९७२ साली तिथल्या ईदी अमीन या हुकूमशहानं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यातली पुष्कळ माणसं लेस्टरला आली. या आजींना कंपालाच्या आंब्याची आठवण येई. आम्हाला नवल वाटे. माणूस जिथं परकर-चड्डीत धावला, तेच त्याचं गाव. देश कुठला का असेना.

आमचं तसंच आहे. आषाढ जवळ आला की कारखान्यात काम करताना चांदोबाचा लिंब डोळ्यांपुढे येतो. तिथं माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं. लहानपणी आम्ही आईच्या काखेत बसून ते पाहिलं. घोडा धावून गेला की आई त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायची. आधी आमच्या, मग स्वतःच्या. घरी पिठल्याची मोठी कढई चढायची. वारकरी जेवून उठले की उरलेलं आम्हाला. त्या पिठल्याची चव आम्ही तिकडे शंभरदा करून पाहिली. येत नाही.

आता आईचं सांगतो. आई शाळेत गेली नव्हती. १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तेव्हा ती नवी सून होती. देवळात कंदिलाच्या उजेडात रात्रीचा वर्ग भरायचा. सासूबाई कुरकुरायच्या, पण आई जायची. तिथं ती अक्षरं शिकली.

आम्ही गेलो तेव्हा फोन होता, पण तो वाण्याच्या दुकानात. दहा माणसं ऐकत असताना आई काय बोलणार? 'बरं आहे, बरं आहे' एवढंच. मनातलं ती पत्रात लिहायची. दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागलं असतं, तर सुनेला बाळ राहत नाही याची काळजी तिनं कुणाला सांगितली असती? सव्वीस पत्रं आली. कांद्याला भाव नाही, गाय व्याली, कालवड झाली, गुडघा दुखतो, असं त्यात असे. एकदा विचारलं होतं, 'तिकडं चारलाच अंधार पडतो म्हणता, मग दिवेलागण कधी करता?'

२०११ साली आई गेली. रात्री फोन आला. तिकीट दुसऱ्या दिवशीचं मिळालं. लंडनहून मुंबईला विमानाला नऊ तास लागतात. त्याच्या आधी विमानतळापर्यंतचा रस्ता, नंतर मुंबईहून इथवरचा. घरी पोचलो तेव्हा तिसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. सकाळीच सावडून झालं होतं. कुणाचा दोष नाही. पण लांब जाण्याची किंमत कुणी विचारली, तर आम्ही पगाराच्या आधी हे सांगतो.

आमची मुलगी तिकडेच जन्मली. मराठी बोलते. वाचता मात्र येत नव्हतं. आजीची पत्रं पाहिली की नुसती हात फिरवायची. गेल्या वर्षी तिनं आपणहून बाराखडी मागितली. आईच्या लिहिण्यात कुठं थांबायचं ते कळत नाही. शब्दाला शब्द जोडलेला असतो. एक पत्र वाचायला मुलीला अख्खी संध्याकाळ लागली.

ती आज इथं आलेली आहे. आजीचं दिवेलागणीचं पत्र तिनं बरोबर आणलंय. आता ती ते तुम्हाला वाचून दाखवील. मधेच अडली तर हसू नका, शब्द सांगा. ये बाळ, पुढं ये.